कोलंबिया गॉर्ज, ट्रेलर आणि दुपारचा वारा

पोर्टलंडहून पूर्वेकडं निघालं की अर्ध्या तासात कोलंबिया नदीची खिंड, म्हणजे गॉर्ज, सुरू होते. दक्षिण काठ ऑरेगनचा, उत्तर काठ वॉशिंग्टनचा, आणि दोन्हीकडं बेसॉल्टचे काळे कडे. १९८६ पासून या पट्ट्याला नॅशनल सीनिक एरियाचा दर्जा आहे. नुसत्या मोटारीनं आय-८४ महामार्गावरून मेरीहिलपर्यंत जायला दोन तास पुरतात. मागं २४ फुटी राहायचा ट्रेलर, म्हणजे चाकांवरचं घर, असला की याच रस्त्याचं सगळं नियोजन बदलतं, आणि ते वाऱ्यापासून सुरू करावं लागतं.

कॅस्केड डोंगररांगेत समुद्रसपाटीच्या जवळून आरपार जाणारी ही एकच वाट आहे. उन्हाळ्यात पूर्वेचं कोरडं पठार तापतं, तिथला हवेचा दाब उतरतो आणि समुद्राकडची गार हवा या खिंडीतून पूर्वेकडं खेचली जाते. सकाळी नऊपर्यंत पान हलत नाही, आणि दुपारी तीनला हूड रिव्हरपाशी नदीवर पांढऱ्या लाटा फुटत असतात. पतंगाच्या जोरावर पाण्यावर घसरणारी मंडळी जगभरातून याच वाऱ्यासाठी इथं येतात. ट्रेलरवाल्यांनी त्यांचं वेळापत्रक बघावं आणि बरोब्बर उलटं करावं. हिवाळ्यात वारा फिरतो, पूर्वेकडून येतो आणि सोबत बर्फ आणतो. त्या दिवसांत ट्रेलर घेऊन इकडं फिरकूच नये.

म्हणून आम्ही मार्गाचा क्रम वाऱ्यावरून लावतो. पहिल्याच सकाळी सरळ पूर्वेचं टोक, म्हणजे मेरीहिल गाठायचं. नंतर लहान टप्प्यांनी पश्चिमेकडं परत यायचं: मेरीहिलहून मेमलूस, तिथून एन्सवर्थ. तिन्ही मुक्काम स्टेट पार्कांतले. जाताना वारा असलाच तर पाठीवर असतो. येताना तो तोंडावर असतो, पण टप्पे ४० मैलांच्या आतबाहेरचे असल्यानं सकाळी दहापर्यंत गाडी उभी करता येते. या क्रमाला आणखी एक कारण आहे. मेमलूस स्टेट पार्कात शिरायची वाट आय-८४ च्या फक्त पश्चिमेकडं जाणाऱ्या बाजूनं, तिथल्या विश्रांतिस्थानातून आहे. पूर्वेकडं जाताना पार्क डाव्या हाताला दिसतं आणि मागं पडतं. मग एक्झिट ७६, म्हणजे रोवेनापर्यंत जाऊन उलटं यावं लागतं. परतीच्या वाटेवर ते आपसूक बाजूला येतं.

जागा ताब्यात मिळते ती मात्र दुपारनंतर, कारण आधीच्या मुक्कामाच्या मंडळींना एक वाजेपर्यंत मुभा असते. सकाळी लवकर निघण्याची ही किंमत आहे आणि ती मुकाट्यानं द्यावी. विश्रांतिस्थानात लांब गाड्यांसाठी आखलेल्या जागेत ट्रेलर उभा करायचा, आतच जेवायचं, एक डुलकी काढायची. भर दुपारी वाऱ्याशी झुंजत येण्यापेक्षा हे शंभर पटीनं बरं. आरक्षण ऑरेगनच्या पार्कांचं सहा महिने आधी, तर वॉशिंग्टनच्या पार्कांचं नऊ महिने आधी खुलं होतं. मेरीहिल वॉशिंग्टनमध्ये येतं, तेव्हा तारखा तिथून पक्क्या करायच्या आणि बाकीचं त्यांना जुळवायचं. महिना सप्टेंबरचा. उन्हाळ्याची गर्दी ओसरलेली, वारा थोडा नरमलेला, आणि नदीत चिनूक सामन मासे वर चढत असतात. फुलं हवी असतील तर एप्रिल-मे, पण मग पश्चिमेच्या टोकाला पावसाची तयारी ठेवा.

आता वजन. यावर जरा रेंगाळतो, कारण वाऱ्यात ट्रेलर सरळ चालतो की झोकांड्या खातो ते निम्म्याहून अधिक इथं ठरतं.

माहितीपत्रकात पिकअपची ओढण्याची क्षमता ९,००० पौंड लिहिलेली असते आणि माणूस ६,००० पौंडांचा ट्रेलर निर्धास्त घेतो. खरा आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असतो: माणसं आणि सामान मिळून जास्तीत जास्त इतकेच पौंड. समजा तो १,५०० आहे. भरलेल्या ट्रेलरच्या वजनाचे १० ते १५ टक्के हिचच्या, म्हणजे पिकअपच्या मागच्या जोडणीच्या, बॉलवर यायला हवेत. ६,००० चे १३ टक्के म्हणजे ७८०. वजन वाटणाऱ्या हिचचं लोखंड ९०, दोन माणसं ३१०, मागच्या हौद्यातली हत्यारं, जनरेटर आणि खुर्च्या २००. झाले १,३८०. उरले १२०. ओढण्याच्या क्षमतेला अजून धक्काही लागलेला नाही आणि पिकअप मात्र जवळजवळ भरली.

बॉलवरचं वजन दहा टक्क्यांच्या खाली गेलं की ट्रेलरचं शेपूट हलायला लागतं. ते कमी होतं कशानं? मागच्या बाजूला सायकली टांगल्यानं, जड सामान मागच्या कपाटात भरल्यानं, किंवा पाण्याच्या टाकीमुळं. एक गॅलन पाणी ८.३ पौंडांचं, ४० गॅलनची टाकी भरली की ३३० पौंड वाढले. टाकी आसांच्या पुढं असेल तर बॉलवरचं वजन वाढतं, मागं असेल तर घटतं. तुमच्या ट्रेलरची टाकी नेमकी कुठं आहे ते खाली वाकून बघा. पाण्याची जोडणी असलेल्या जागी जाताना आम्ही वाटेत हात धुण्यापुरतं पाच-सहा गॅलनच ठेवतो.

अंदाज नको असेल तर ट्रकवाल्यांच्या थांब्यावरचा कॅट स्केल, म्हणजे गाड्यांचा वजनकाटा, गाठा. पिकअपची पुढची चाकं पहिल्या पट्टीवर, मागची दुसऱ्या, ट्रेलरची तिसऱ्या पट्टीवर घ्यायची, खांबावरचं बटण दाबून आत सांगायचं आणि पावती घ्यायची. वजन तीनदा करायचं: हिचच्या वजन वाटणाऱ्या दांड्या ताणून, दांड्या सोडून, आणि नुसत्या पिकअपचं. एक नमुना देतो. नुसती पिकअप पुढं ३,१०० आणि मागं २,५००, एकूण ५,६००. ट्रेलर जोडून, दांड्या सोडलेल्या असताना पुढं २,७८०, मागं ३,६००, ट्रेलरच्या आसांवर ५,२२०. पिकअपचे ६,३८० झाले, म्हणजे बॉलवर ७८०. पुढची चाकं ३२० पौंडांनी हलकी झाली ते धोक्याचं, कारण स्टिअरिंग आणि ब्रेकची पकड तिथंच असते. दांड्या ताणल्यावर पुढं ३,०००, मागं ३,२४०, ट्रेलर ५,३६०. गेलेलं वजन बहुतेक पुढं परतलं आणि थोडं ट्रेलरच्या आसांवर गेलं. पुढचं वजन परत आलं नाही तर दांड्यांच्या साखळीची एक कडी कमी करून पाहायची किंवा हिचच्या डोक्याचा कोन बदलायचा. हे काम घरी निवांत करावं, निघायच्या दिवशी नाही.

ट्रेलर जोडण्याचा आमचा क्रम ठरलेला आहे: एकानं करायचं, दुसऱ्यानं हात लावून बघायचं. बॉलचा आकार कपलरवर, म्हणजे बॉलवर बसणाऱ्या ट्रेलरच्या तोंडावर, कोरलेला असतो. या वजनाला बहुधा २ ५/१६ इंची. २ इंची बॉलवर तो कपलर बसल्यासारखा दिसतो आणि खड्ड्यात उसळून निघतो. कपलर बसवून कुलपाची खिटी घातली की ट्रेलरचा जॅक पुन्हा खाली सोडून पिकअपचं मागचं अंग इंच-दोन इंच उचलायचं. कपलर बॉलला धरून राहिला तर बसला, निसटला तर वरवर टेकला होता. या एका चाचणीला दहा सेकंद लागतात आणि ती टाळणाऱ्यांची संख्या बघून नवल वाटतं. साखळ्या कपलरखालून एकमेकींना छेदून लावायच्या, म्हणजे कपलर सुटलाच तर त्यांच्या झोळीत अडकतो, रस्त्यावर आपटत नाही. ट्रेलर तुटून गेल्यास त्याचे ब्रेक आपोआप लावणारी बारीक तार साखळीला नाही, पिकअपच्या पक्क्या भागाला वेगळी अडकवायची. सात पिनांचा प्लग शेवटी. मग एकानं आत बसून इंडिकेटर आणि ब्रेक दाबायचे, दुसऱ्यानं मागं उभं राहून मोठ्यानं सांगायचं.

टायरची हवा गार असतानाच, ट्रेलरच्या स्टिकरवर आहे तितकी. ट्रेलरचे टायर वेगळ्या जातीचे. त्यांतल्या बऱ्याच टायरांची वेगमर्यादा ताशी ६५ मैल असते आणि नक्षी शाबूत दिसली तरी पाच-सहा वर्षांत ते आतून जातात. चाक काढून बसवलं असेल तर नट टॉर्क पान्यानं आवळायचे आणि ५० मैलांवर पुन्हा तपासायचे. ॲल्युमिनियमच्या रिमवर ते हमखास थोडे सैल सापडतात.

ब्रेक कंट्रोलर म्हणजे पिकअपमध्ये बसून ट्रेलरचे ब्रेक चालवणारं उपकरण. त्याची ताकद रोजच्या रस्त्यावर ठरवा. रिकाम्या सपाट रस्त्यावर ताशी २० ते २५ मैल वेगात पिकअपचा ब्रेक न लावता कंट्रोलरची हातातली कळ पूर्ण दाबायची. ट्रेलरनं मागून ठाम ओढून धरलं पाहिजे, पण त्याची चाकं घासत जायला नकोत. घासली तर आकडा थोडा खाली. ओल्या रस्त्यावर आणखी थोडा कमी.

आय-८४ वर आम्ही ताशी ५५ ते ६० च्या मध्ये राहतो. वॉशिंग्टनमध्ये ट्रेलर ओढणाऱ्याला कायद्यानंच ६० ची मर्यादा आहे, फलकावर ७० लिहिलं असलं तरी. वारा दोन प्रकारे त्रास देतो. तोंडावरचा वारा पेट्रोल पितो. एरवी गॅलनला दहा मैल देणारी जोडी आठवर येते, पण चालवायला अडचण नसते. खरा त्रास कड्याच्या आडोशातून उघड्यावर येताना बाजूनं बसणाऱ्या फटकाऱ्याचा. मोठा ट्रक डावीकडून पुढं काढतो तेव्हा तो आधी ट्रेलरला बाहेर ढकलतो आणि मग आत ओढतो. आरशात ट्रक दिसला की स्टिअरिंग दोन्ही हातांनी सैलसर धरायचं आणि लेनच्या उजव्या अंगाला थोडं सरकायचं.

ट्रेलर झोकांड्या खाऊ लागलाच तर पायाला ब्रेककडं जाऊ द्यायचं नाही. पिकअप मंदावली की ट्रेलर मागून तिला ढकलतो आणि झोके वाढतात. स्टिअरिंगनं दुरुस्त करायला जाल तर प्रत्येक वळण एका झोक्यानं उशिरा पडतं आणि आगीत तेल ओततं. स्टिअरिंग सरळ, ॲक्सिलरेटर हळूच सोडलेला आणि कंट्रोलरची कळ दाबून फक्त ट्रेलरचे ब्रेक. ट्रेलर मागं ओढला गेला की जोडी पुन्हा एका रेषेत येते. शेजारी बसलेल्यालाही ही कळ कुठं आहे ते ठाऊक हवं. हवामानाच्या अंदाजात वाऱ्याचे झोत ताशी ३५ मैलांच्या पुढं दिसत असतील तर आम्ही निघत नाही, एक रात्र जास्त राहतो.

पूल निवडणं हा इथला वेगळा विषय आहे. हूड रिव्हरचा पूल १९२४ चा, लेन साडेनऊ फुटांहूनही अरुंद आणि खाली लोखंडी जाळीचा पृष्ठभाग. ट्रेलर आठ ते साडेआठ फूट रुंद, त्यात ट्रेलर ओढताना बाहेर काढलेले आरसे. समोरून तशीच गाडी आली तर दोघांच्या आरशांमध्ये फार तर हात मावेल. कॅस्केड लॉक्सचा ब्रिज ऑफ द गॉड्स १९२६ चा, तोही जाळीचा, आणि जाळीवर टायर डावीउजवीकडं भटकतात. दोन्हींवर टोल आहेच. पाहायला दोन्ही सुंदर, पण पिकअप एकटी असताना. ट्रेलरसह पार व्हायचं तर एक्झिट १०४, बिग्ज जंक्शनचा यूएस-९७ चा पूल. रुंद, बिनटोलाचा, आणि उतरल्यावर दोन-तीन मिनिटांत मेरीहिल स्टेट पार्क. इंधनही बिग्जलाच भरून घ्या. ट्रकांच्या पंपावर वळायला जागा मिळते. उत्तर काठाच्या एसआर-१४ वरून ट्रेलर न्यायचाच असेल तर बोगद्यांच्या कमानी बघून ठेवा: मध्ये उंच, कडेला बुटक्या. छतावरचा एसी धरून ट्रेलर साडेदहा-अकरा फूट भरतो आणि छताचा कोपराच आधी घासतो.

मेरीहिलला जागा नदीकाठी, पाणी, वीज आणि काही ठिकाणी सांडपाण्याची जोडणी असलेल्या. ट्रेलर मागं घेताना हात स्टिअरिंगच्या तळाशी धरायचा: हात ज्या बाजूला नेला, ट्रेलरचं शेपूट त्या बाजूला जातं. डोकं वापरावं लागत नाही. मागं उभं राहणाऱ्यानं डावं-उजवं म्हणायचंच नाही, कारण दोघांची तोंडं समोरासमोर असतात आणि अर्धे वाद तिथं जन्मतात. आमच्याकडं दोनच दिशा आहेत: ‘तुझ्या बाजूला’ म्हणजे चालवणाऱ्याच्या दाराकडं आणि ‘पलीकडं’. तिसरा शब्द ‘थांब’, आणि तो ऐकल्यावर का म्हणून विचारायचं नाही, आधी थांबायचं. बोलणं फोनवर, स्पीकर चालू ठेवून. ओरडलेलं वाऱ्यात ऐकू येत नाही आणि ऐकू आलं तर भांडणासारखं वाटतं. सांगणारा आरशात दिसेनासा झाला की गाडी थांबली पाहिजे. वर झाडाच्या फांद्याही बघायच्या. सगळे जमिनीकडं बघतात आणि छतावरच्या झरोक्याचं झाकण फांदीला लागून तुटतं.

जागेवर आल्यावर क्रम चुकवायचा नाही. आधी आडवी पातळी: खालच्या बाजूच्या चाकांखाली ठोकळे ठेवून वर चढवायचं. मग दोन्ही बाजूंच्या चाकांना पुढूनमागून पाचरी. त्यानंतरच ट्रेलर सोडायचा आणि उभी पातळी पुढच्या जॅकनं करायची. ट्रेलर सोडल्यावर आडवी पातळी करता येत नाही, आणि पाचरी न लावता सोडला तर तो उताराकडं निघतो. चारी कोपऱ्यांचे टेकू सगळ्यात शेवटी, नुसते हलणं थांबवायला. त्यांनी ट्रेलर उचलायला गेलात तर चौकट पिळवटते आणि दार लागेनासं होतं. गॅसवर चालणाऱ्या जुन्या पद्धतीच्या फ्रिजसाठी पातळी ही चैन नाही. फार तिरका राहिला तर त्यातलं द्रावण एका जागी साचतं, तापतं आणि फ्रिज कायमचा जातो.

इथं छत्री, म्हणजे बाजूचं गुंडाळायचं कापडी छप्पर, सावलीसाठी दुपारी बाहेर काढायचा मोह होतो. मेरीहिलला दुपारीच वारा येतो. आम्ही ते सकाळीच उघडतो आणि अकराला गुंडाळतो. ते उघडं टाकून फिरायला जायचं नाही, दहा मिनिटांसाठीसुद्धा. उलटून छतावर पडलं की कापड, दांड्या आणि भिंतीतले स्क्रू असं सगळंच जातं.

विजेचा हिशेब ३० अँपियरच्या जोडणीवर: १२० व्होल्ट गुणिले ३० म्हणजे ३,६०० वॅट. एसी साधारण १,५००, पाणी तापवायची कॉइल १,४४०. झाले २,९४०. त्यात मायक्रोवेव्ह लावला की ब्रेकर पडला. पाणी गॅसवर तापवा, प्रश्न मिटला. कॉइलचं बटण टाकी भरल्याशिवाय दाबू नका. गरम पाण्याचा नळ उघडून त्यातून सलग धार येईपर्यंत थांबा, नाहीतर कोरडी कॉइल मिनिटाभरात जळते. या पूर्वेच्या टोकाला उन्हाळ्यात पारा १०० फॅरनहाइटला टेकतो, सगळ्यांचे एसी एकदम चालतात आणि व्होल्टेज खाली येतं. कमी व्होल्टेजवर कंप्रेसर जास्त प्रवाह ओढतो, तापतो, मरतो. खांब आणि ट्रेलरच्या मध्ये व्होल्टेज बघून पुरवठा तोडणारं संरक्षक उपकरण लावा. नुसता सर्ज रोखणारा स्वस्त प्लग हे काम करत नाही.

पाण्याच्या नळाचा दाबही कुठं किती असेल सांगता येत नाही. ४५ ते ५० पीएसआयचा रेग्युलेटर नळाच्या तोंडाला लावायचा, ट्रेलरच्या तोंडाला नाही. तिथं लावला तर ट्रेलर वाचतो आणि होज फुटतो.

मग टाक्या. लोक या विषयाला नाक मुरडतात आणि तिथंच फसतात. संडासाच्या टाकीची झडप जागेवर जोडणी असली तरी बंद ठेवायची. उघडी ठेवली की पाणी वाहून जातं, घट्ट माल खाली राहतो आणि त्याचा ढीग वाळून दगड होतो. टाकी दोन-तृतीयांश भरली की एकदम सोडायची. पाण्याच्या लोंढ्यानंच ती साफ होते. आधी संडासाची, मग अंघोळ-भांड्यांची, म्हणजे दुसऱ्या पाण्यानं नळी धुऊन निघते. त्यासाठी शेवटच्या दिवशी दुसरी झडपही बंद ठेवून ती टाकी भरू द्यायची. होजच्या तोंडाला पारदर्शक कोपर लावला की कधी थांबायचं ते दिसतं. मोकळी झाल्यावर तीन-चार गॅलन पाणी आणि औषध आत. भिंतीवरचे दिवे टाकी भरलेली दाखवत राहिले तर घाबरू नका, बहुतेक वेळा संवेदकाला कागद चिकटलेला असतो. फोडणीचं तेल मोरीत जाऊ द्यायचं नाही. कढई कागदानं पुसायची आणि कागद कचऱ्यात. तेल टाकीत थिजतं, झडपेच्या खोबणीत बसतं आणि मग झडप पूर्ण बंद होत नाही. ते कळतं पुढच्या वेळी टोपण काढताना, पायावर. मोजे नाही, हातमोजे आणि बूट. पिण्याच्या पाण्याचा होज आणि धुण्याचा होज वेगळ्या कप्प्यात, वेगळ्या रंगाचे. भांड्यांचं पाणीसुद्धा जमिनीवर सोडायला मनाई आहे.

एवढं झालं की ट्रेलर हे घर आणि पिकअप ही गाडी. गॉर्ज बघायचा तो असाच. जुना कोलंबिया रिव्हर हायवे सॅम्युएल लँकेस्टरनं आखला तेव्हा चढ पाच टक्क्यांच्या वर जाऊ दिला नाही, पण वळणं त्या काळच्या मोटारींच्या बेताची. रोवेनाच्या वेटोळ्यांत ट्रेलर घातला तर समोरच्या लेनमध्ये गेल्याशिवाय वळत नाही. मेमलूसच्या मुक्कामावरून पिकअपनं रोवेना क्रेस्टला सकाळी जा. ऊन तेव्हा पश्चिमेकडच्या कड्यांवर पडतं. मेरीहिलहून सॅम हिलनं पहिल्या महायुद्धात पडलेल्या क्लिकिटॅट काउंटीच्या सैनिकांसाठी काँक्रीटमध्ये बांधलेलं स्टोनहेंज दहा मिनिटांवर आहे. द डॅल्स धरणाच्या वरच्या बाजूला पाणी संथ पसरलेलं दिसतं, तिथं सेलायलो धबधबा होता. हजारो वर्षांची सामन मासेमारीची जागा १० मार्च १९५७ ला धरणाचे दरवाजे बंद झाल्यावर काही तासांत बुडाली. रस्त्यावरून बघताना यातलं काही कळत नाही, म्हणून मुद्दाम सांगतो.

मेमलूसहून निघून पूर्वेकडं काही बघायचं तर आधी पश्चिमेकडं जाऊन वळावं लागतं, हे पेट्रोल मोजताना धरा. समोरच्या बेटावर इथल्या मूळ रहिवाशांची दफनभूमी होती. वर दिसतो तो एकटा स्तंभ व्हिक्टर ट्रेविटचा. त्यानं स्वतःला त्यांच्यातच पुरायला सांगितलं होतं. या पार्काला, आणि एन्सवर्थलाही, युनियन पॅसिफिक रेल्वेचा रूळ खेटून जातो. पलीकडच्या काठावर बीएनएसएफचा. रात्रभर मालगाड्या. फाटकापाशी दोन लांब, एक आखूड, एक लांब अशी शिट्टी वाजते. कानात घालायचे बोळे उशाशी ठेवा आणि आरक्षण करताना नकाशात रूळ बघून त्यापासून लांबची जागा घ्या.

एन्सवर्थला आलात की हवा पालटते. द डॅल्सला वर्षाला १५ इंचांच्या आसपास पाऊस, कॅस्केड लॉक्सला ७० च्या पुढं. मध्ये अंतर ४० मैल. पूर्वेला जाळ्यांत धूळ बसलेली असते, तर इथं काचांवरून पाणी ओघळतं. दोन माणसांचा श्वास, कुकरची वाफ आणि गॅसची शेगडी मिळून रात्रीत आतली हवा दमट करतात आणि गादीखालच्या गार फळीवर बुरशी धरते. छताचा झरोका बोटभर आणि समोरची एक खिडकी बोटभर उघडी ठेवायची, हीटर चालू असला तरी. उबेचा थोडा अपव्यय होतो, होऊ दे. गादी रोज सकाळी उचलून टेकवून ठेवायची. वीज नसलेल्या जागी हीटरचा पंखा चालू असेपर्यंत बॅटरीतून सात-आठ अँपियर खातो. साध्या लेड-ॲसिड बॅटरीची निम्मीच ताकद वापरता येते, तेव्हा शंभर अँपियर-अवरची एक बॅटरी गार रात्री पहाटेपर्यंत जेमतेम टिकते.

इथून मुल्टनोमा फॉल्स पाच मैलांवर. ६२० फुटांचा, दोन टप्प्यांत कोसळणारा. तिथल्या पार्किंगमध्ये ट्रेलर न्यायचा विचारही नको, आणि हंगामात एक्झिट ३१ च्या पार्किंगला वेळ ठरवून आधी परवाना काढावा लागतो. बॉनेव्हिल धरण उलट दिशेला, एक्झिट ४०. माशांच्या जिन्याला जमिनीखाली काचेच्या खिडक्या आहेत. सप्टेंबरात तासभर उभं राहा; हिरवट पाण्यात चिनूक सामन नाकावर पांढरे ओरखडे घेऊन प्रवाहाला तोंड देत एकाच जागी थरथरतो आणि मग एका शेपटीच्या झटक्यात खिडकीबाहेर जातो. शेजारच्या खोलीत माणसं बसून त्यांची जात ओळखून मोजदाद करत असतात.

एन्सवर्थहून निघायच्या सकाळी छप्पर ओलं गुंडाळावं लागलं तर घरी पोचल्यावर त्याच दिवशी उघडून वाळवा. टाक्या इथंच रिकाम्या करा, संडासाची टाकी दोनदा पाणी भरून. गॅस सिलिंडर बंद, टीव्हीचा अँटेना खाली, झरोके बंद, पायरी आत, फ्रिजच्या दाराची कडी लावलेली. मग दोघांनी विरुद्ध दिशांनी ट्रेलरला एक फेरी मारायची, प्रत्येक कुलूप हातानं ओढून बघत. गाडी आपल्या लांबीइतकी पुढं घेऊन थांबवायची आणि एकानं उतरून रिकाम्या जागेकडं बघायचं: पाचर, ठोकळा, होजचं टोपण, रेग्युलेटर. रेग्युलेटर नळालाच राहतो, बहुतेक वेळा.